एक्स-रेत न दिसलेली कवळी

मी एक जुनी कवळी आहे. पूर्ण बत्तिशी नव्हे. वरच्या जबड्यातल्या समोरच्या तीन दातांची, गुलाबी टाळूची, तुमच्या तळहातावर सहज मावेल एवढी. मित्रांनो, हे वाचूनच तुम्ही "ई!" म्हणाला असाल. म्हणा, मला त्याची सवय आहे. पण माझं सगळं ऐकून घ्या. एकदा तीन दिवस माझं कोणीच ऐकलं नव्हतं आणि त्यात एका माणसाचा जीव जाता जाता वाचला. त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

माझा जन्म वसईजवळच्या तुळिंजमधल्या एका खोलीत झाला. तिथे एक टेबल होतं, प्लॅस्टरच्या पांढऱ्या जबड्यांनी भरलेली फडताळं होती आणि सुमेध नावाचा कारागीर होता. दातांच्या डॉक्टर लिडिया तुस्कानो यांनी त्याच्याकडे एका बाईंच्या जबड्याचा ठसा पाठवला होता. त्या ठशावरून सुमेधने प्लॅस्टरचा साचा केला, त्यावर मेणाची कवळी घडवली आणि मग मेण काढून त्या जागी ॲक्रिलिक भरलं. ॲक्रिलिक म्हणजे एक प्रकारचं कडक प्लॅस्टिक. दात निवडताना तो बराच वेळ थांबला. फार पांढरे दात त्याने बाजूला ठेवले आणि किंचित पिवळसर घेतले, म्हणजे बाईंच्या स्वतःच्या दातांत ते मिसळून जातील. शेवटी त्याने माझ्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक तार बसवली. शेजारच्या खऱ्या दातांना मी या तारांनी घट्ट धरून राहायचं होतं.

ज्या बाईंसाठी मी घडले, त्या वसईजवळच्या गिरीज गावच्या कृष्णाबाई. त्यांची केळीची वाडी. वेलची केळी, अळू, दुधी असं जे निघेल ते त्या स्वतः बाजारात नेऊन विकत. वाडीतल्या विहिरीजवळ शेवाळावरून पाय घसरून त्या तोंडावर पडल्या आणि समोरचे तीन दात गेले. दात गेल्याचं दुःख त्यांना वेदनेपेक्षा गाण्यामुळे जास्त झालं. गावातल्या लग्नांत हळदीची गाणी म्हणायला त्यांना आवर्जून बोलावत. आता "स" म्हणायला गेलं की नुसती हवा निघायची. त्या पदर तोंडाला लावून मागे बसू लागल्या.

मी आल्यावर आठच दिवसांनी राजोडीला त्यांच्या भाचीची हळद होती. कृष्णाबाई पुढे बसल्या आणि गायल्या. एकाही शब्दात हवा निघाली नाही. त्यांची नणंद मध्येच ओरडली, "अगो कृष्णे, आवाज परत आला की तुजा!" मित्रांनो, मला कोणी हार घातला नाही, पण तो मान माझाही होता, हे मला ठाऊक होतं. पुढची पाच वर्षं अशीच आनंदात गेली. कृष्णाबाई रोज मला मऊ ब्रशने घासत आणि झोपताना पाण्याच्या वाटीत ठेवत.

मग हळूहळू सगळं ढिलं पडलं. आधी माझी डावी तार निघून पडली. डॉक्टर लिडियांनी दर वर्षी एकदा दाखवायला सांगितलं होतं. कृष्णाबाई म्हणाल्या, "जाऊ फुडल्या महिन्यात." तो पुढचा महिना काही आला नाही. त्यानंतर उजवी तार वाकली आणि त्यांच्या गालाला टोचू लागली. त्यांचा मुलगा हरेश वसईच्या एका कंपनीत फिटर आहे. त्याच्याकडे पक्कड होतीच.

"दे इकडे, आई. दोन मिनिटांचं काम," तो म्हणाला आणि त्याने ती तार मुळासकट उपटली. तारेबरोबर माझा एक कोपराही तुटला. तिथे धारदार टोक तयार झालं. हरेशने ते पाहिलंसुद्धा नाही. मला सांगायचं होतं, अरे, तुझं काम दोन मिनिटांचं आणि माझा उरलेला हातही गेला! पण कवळीला कोण विचारतो?

त्यानंतर मी फक्त कृष्णाबाईंच्या जिभेच्या आधाराने टाळूला चिकटून राहायची. बोलताना हलायची. एकदा लग्नाच्या पंगतीत त्या हसल्या आणि मी थेट ताटातल्या वरणात पडले. सगळी पंगत हसली, कृष्णाबाईही हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. टोचते म्हणून त्या मला वारंवार काढून ठेवत आणि कुठे ठेवलं ते विसरत. मी रुमालात राहिले, खिडकीत राहिले, एकदा तर तांदळाच्या डब्यात सापडले.

गेल्या वर्षी एका मंगळवारी सकाळी कृष्णाबाईंना बाजारात जायची घाई होती. त्यांनी रक्तदाबाची गोळी जिभेवर ठेवली, मान मागे टाकली आणि तांब्यातलं पाणी गटागटा प्यायल्या. त्या लोंढ्यात माझा टाळूवरचा ताबा सुटला. गोळी गेली आणि तिच्यामागे मीही गेले. घशाखाली, छातीच्या वरच्या भागात, अन्ननलिका जिथे अरुंद होते तिथे माझं तुटकं टोक रुतलं आणि मी आडवी अडकले.

कृष्णाबाई खोकल्या. डोळ्यांतून पाणी आलं. जीभ फिरवून पाहतात तर समोर मोकळी जागा.

"हरेश, माजे दात गेले रे घशात!"

"अगं, ठेवले असशील कुठेतरी," हरेश बूट घालता घालता म्हणाला. "मागच्या वेळी तांदळात सापडले होते ना?"

"नाय रे, गिळले मी. हितं अडकलेत, बघ हितं."

त्यांची सून रोशनी मोबाइलचा उजेड घेऊन पलंगाखाली शोधू लागली. खिडकी झाली, रुमाल झाले, डबे झाले. मी छातीत अडकलेली आणि माझा शोध पलंगाखाली! शेजारच्या एका काकी धावत आल्या. त्यांनी उपाय सांगितला, "केळं खायला द्या, आपोआप खाली सरकेल." गिरीजमध्ये केळ्यांना काय तोटा? एक झालं, दोन झाली, मग भाताचे मोठे घास झाले. मित्रांनो, प्रत्येक घासाबरोबर माझं टोक आणखी आत रुतत होतं. कोणी मुद्दाम वाईट करत नव्हतं. सगळे जीव लावून मदतच करत होते. म्हणून तर जास्त चीड येत होती.

दुपारी हरेशने रजा टाकली आणि त्यांना एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मान आणि छातीचा एक्स-रे काढायला सांगितला. मला वाटलं, चला, आता तरी सुटका. तो फोटो उजेडासमोर धरला गेला. बरगड्या दिसल्या, मणके दिसले. मी मात्र दिसले नाही.

"काहीच नाही यात," डॉक्टर म्हणाले. "खाताना घसा खरचटला असेल. हे औषध द्या."

काहीच नाही! मी तिथेच होते! पण एक्स-रेला धातू दिसतो, हाड दिसतं. माझ्यासारखं साधं ॲक्रिलिक त्याला बहुतेक वेळा दिसतच नाही. माझ्या तारा असत्या तर दोन पांढऱ्या रेघा लगेच उठून दिसल्या असत्या. पण एक तार आधीच पडली होती आणि दुसरी पक्कडीने उपटलेली. त्या डॉक्टरांना हे कोणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही.

बुधवारी कृष्णाबाईंना पाणीही उतरेना. स्वतःची लाळसुद्धा गिळता येईना. त्या मांडीवर पातेलं घेऊन बसल्या आणि त्यात थुंकू लागल्या. छातीपासून पाठीपर्यंत कळ जात होती.

"आई, फोटोत काही नाही ना? मग कशाला टेन्शन घेतेस?" हरेश वैतागून म्हणाला.

"फोटोत नाय म्हनून दुखायचं थांबंल काय?" त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. रडत होत्या. त्यांच्या हुंदक्याबरोबर मीही हलत होते आणि त्यांना आणखी दुखत होतं.

गुरुवारी सकाळी हरेश त्यांना घेऊन डॉक्टर लिडियांकडे गेला. कशाला, माहीत आहे? नवी कवळी करून घ्यायला! जुनी हरवली असं त्याने ठरवूनच टाकलं होतं. नवी आली की आईचं मन शांत होईल, असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं.

डॉक्टर लिडियांनी कृष्णाबाईंच्या तोंडाकडे न बघता आधी त्यांच्या हातातल्या भिजलेल्या टॉवेलकडे बघितलं.

"मावशी, थुंकी गिळता येत नाही तुम्हाला?"

कृष्णाबाईंनी मान हलवली आणि छातीवर बोट ठेवलं. "बाय, तुजे दात हितं हायेत. कोनी मानतच नाय."

"एक्स-रे काढला, मॅडम. नॉर्मल आहे," हरेश म्हणाला.

"कवळीच्या तारा कुठे आहेत?"

हरेश हळूच म्हणाला, "एक आधीच पडली होती. दुसरी... मीच काढली. पक्कडीने."

"मग एक्स-रेत काय दिसणार, हरेश?" डॉक्टर खुर्चीवरून उठल्याच. "त्या सांगतायत ते खरं आहे. आता घोटभर पाणीही द्यायचं नाही. ताबडतोब निघायचं."

मित्रांनो, तीन दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी कृष्णाबाईंवर विश्वास ठेवला होता. मला हायसं वाटलं, पण रागही आला. हा एक प्रश्न मंगळवारी कोणी का विचारला नाही?

डॉक्टर लिडियांनी फोन करून मोठ्या रुग्णालयातल्या पोटविकारतज्ज्ञ डॉक्टर सुरुची यांना कळवलं आणि दुसरा फोन सुमेधला केला. कृष्णाबाईंच्या जबड्याचा जुना साचा त्याच्या फडताळात अजून होता. तो घेऊन सुमेध स्कूटरवरून रुग्णालयात आला. साच्यावर बोट फिरवून त्याने डॉक्टर सुरुचींना माझी लांबी, रुंदी आणि माझी एकेक कड दाखवली. हरेशने कुठला कोपरा तुटला होता ते आठवून सांगितलं. सीटी स्कॅनमध्ये माझी पुसट सावली अखेर सापडली.

"अन्ननलिकेला भोक पडलेलं दिसत नाही," डॉक्टर सुरुची म्हणाल्या. "अजून एक-दोन दिवस गेले असते तर कदाचित छाती उघडावी लागली असती. आत्ता दुर्बिणीने प्रयत्न करते. पण खात्री देत नाही."

कृष्णाबाईंना गुंगीचं औषध दिलं. थोड्या वेळाने माझ्या अंधारात उजेड आला. एका लवचीक नळीच्या टोकाशी दिवा होता, बारीक कॅमेरा होता आणि त्यातून एक इवलासा चिमटा बाहेर आला. त्याने मला पकडलं आणि ओढलं. मी हललेच नाही, चिमटा माझ्यावरून घसरला. दुसऱ्यांदाही घसरला. मी गुळगुळीत असल्याचा मला आयुष्यभर अभिमान होता, त्या क्षणी त्याचीच चीड आली. मग डॉक्टरांनी साच्याकडे पुन्हा पाहिलं. ओढायचं सोडून त्यांनी मला आधी किंचित खाली ढकललं. टोक सुटलं. मला हळूच फिरवून उभं केलं आणि अन्ननलिका कापली जाऊ नये म्हणून एका प्लॅस्टिकच्या आवरणात घेऊन बाहेर काढलं.

मी स्टीलच्या ट्रेमध्ये टणकन पडले.

दाराबाहेर हरेश उभा होता. मला त्याच्यापुढे धरलं तेव्हा त्याने ते तुटकं टोक बोटाने चाचपलं. कृष्णाबाई शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, "आई, चुकलो मी." त्यांना बोलायची मनाई होती. त्यांनी त्याच्या हातावर एक चापट मारली आणि मग तो हात धरून ठेवला. आतली जखम भरेपर्यंत आठ दिवस त्यांना नाकातल्या नळीतून पातळ अन्न दिलं. मग घरी सोडलं.

त्यांना नवी कवळी मिळाली, घट्ट तारांची. मी आता डॉक्टर लिडियांच्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर काचेच्या बाटलीत असते. मित्रांनो, तुमच्या घरात कोणाला कवळी असेल तर आज विचारा, ती हलते का? हलत असेल तर घरच्या पक्कडीने दुरुस्त करू नका. ती काढून झोपायला सांगा. आणि कोणी काही गिळलं असं म्हणालं, तर केळं, भात काही खायला घालू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. गिळलेली वस्तू कशाची आहे तेही सांगा. एक्स-रेत नाही म्हणजे शरीरात नाही, असं धरून चालू नका. माझा जीव तळमळतो तो एवढ्याचसाठी. इथे बसलेले लोक मला बघतात, नाक मुरडतात आणि मोबाइल काढतात.

कृष्णाबाई तपासणीला येत, पण बाटलीकडे कधी बघत नसत. मागच्या आठवड्यात त्यांच्या शेजारी एक आजोबा बसले होते. बोलताना त्यांची कवळी खालीवर होत होती. उठता उठता सोबतच्या मुलीला ते म्हणाले, "चल गं, गर्दी आहे. पुढच्या महिन्यात बघू. चालतंय अजून."

कृष्णाबाई उठल्या. त्यांनी बाटलीचं झाकण उघडलं, मला बाहेर काढलं आणि आजोबांच्या तळहातावर ठेवलं.

"बोट लावा त्या टोकाला," त्या म्हणाल्या. "तीन दिवस ह्ये माज्या छातीत होतं."

आजोबांनी बोट लावलं. मग मला परत देऊन ते पुन्हा खुर्चीवर बसले आणि आपला नंबर येईपर्यंत उठले नाहीत.

कृष्णाबाईंनी मला पदराने पुसलं आणि बाटलीत ठेवलं.