आठवा बीकर

बाटल्या धुण्याच्या कारखान्यात मिस्त्रींचा शब्द चाले आणि तिथल्याच प्रयोगशाळेत त्यांच्या सुनेचा. घरी ती त्यांना बाबा म्हणायची, कामावर मिस्त्री. तेही कामावर तिला न चुकता मॅडम म्हणत.

त्या सकाळी टाकीत कॉस्टिक सोड्याचं शंभर लिटर पाणी उरलं होतं. पीएच तेरा. नऊच्या वर असलेलं पाणी गटारात सोडायचं नाही, असा नियम. मिस्त्रींनी तोंडी हिशेब केला, तेराचे निम्मे साडेसहा, आणि तितकंच साधं पाणी मिसळलं. मीटरवर आकडा आला बारा पूर्णांक सात.

"मीटर गंडलंय," ते म्हणाले.

"मीटर ठणठणीत आहे," सून म्हणाली. "पीएच एकानं उतरवायचा तर दहापट पाणी लागतं. तेरावरून नऊ म्हणजे चार पायऱ्या. तुमच्या शंभर लिटरचे दहा लाख लिटर करावे लागतील."

"म्हणजे आख्खं तळंच उचलून आणायचं की!"

शेवटी थोडं थोडं आम्ल घालून, ढवळून, दुपारपर्यंत टाकी मार्गी लागली. पण मिस्त्रींच्या डोक्यात किडा वळवळू लागला. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डब्याखालच्या कागदावर आकडे उतरवले आणि घास अर्धा टाकून प्रयोगशाळा गाठली.

"मॅडम, पहिल्या बीकरात तेरा. दर वेळी दहापट पाणी. आठव्या बीकरात सहा येतात! साताच्या खाली म्हणजे आम्ल. नुसतं पाणी घालून सोडा आंबट होणार?"

"कधीच नाही," ती हसली. "करूनच बघू."

दोघांनी आठ बीकर मांडले, एकातला थोडा द्रव दुसऱ्यात घेऊन त्यात शुद्ध पाणी मिसळत शेवटपर्यंत गेले. आठव्यात मीटरनं पाच पूर्णांक आठ दाखवलं.

"घ्या!" मिस्त्रींनी टाळीच वाजवली. मॅडमचा चेहरा मात्र पडला. पुन्हा मोजलं, तेच. मग मिसळायला घेतलेलं शुद्ध पाणीच तिनं मीटरखाली धरलं. पाच पूर्णांक आठ!

"पाणीच आंबट आहे, बाबा! उघडं राहिलं, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळला त्यात."

गडबडीत ती बाबा म्हणून गेली, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. तिनं पाणी खळखळून उकळलं, घट्ट झाकून गार केलं. सगळा खटाटोप पहिल्यापासून. या वेळी आठव्या बीकरात आकडा बराच वेळ हिंदकळला आणि साताच्या आसपास स्थिरावला.

"पण कागद तर सहा म्हणतोय," मिस्त्री पुटपुटले.

"कागदावर आपण फक्त सोडा धरला. अल्कलीपण आणणारे कण पाण्यात मुळातच थोडे असतात. या आठव्या बीकरात सोडा इतका विरळ झालाय, की सोड्यानं आणलेल्या कणांच्या ते दहापट आहेत. त्यांना विसरून कसं चालेल?"

मिस्त्रींनी कागदावरचे सहा खोडून सात लिहिले, नाकावरचा चष्मा वर सरकवला.

"आणि आम्लात पाणी घालत गेलो तर?"

तिनं घड्याळाकडे पाहिलं. सुट्टी संपून वीस मिनिटं झाली होती. तिनं उरलेलं उकळलेलं पाणी पुढे ओढलं.