ड्रॅगनची पुढची जागा

कमलबाईला विचाराल तर माणसाला नाकच नसावं, निम्मी भांडणं तिथंच मिटतील. ताडकळसच्या अलीकडच्या गावात जत्रेला तिच्या ड्रॅगनचा, म्हणजे त्या लोखंडी रोलर कोस्टरचा, पहिला फेरा सुटतो तेव्हा सगळ्यांत पुढं पाटील बसतो. तसा मान आहे म्हणे. आता हा ड्रॅगन काही पाटलांच्या पणज्यानं आणलेला नव्हता, कमलबाईनं आणि तिच्या नवऱ्यानं भंगारातून उभा केलेला. पण मानाला काय, तो शेणाच्या गोळ्यालाही चिकटतो.

पाटील दोन, थोरल्या घरचा बन्सीधर आणि धाकट्या घरचा योगीराज. पुढची जागा एक. गेल्या साली दोघांनी एकमेकांची गचांडी धरली आणि ड्रॅगन जत्राभर उभाच राहिला. जत्रा बुडाली तशी कमलबाईनं ऊसतोडीत मोळ्या वाहिल्या. यंदाही बुडाली तर पुन्हा कोयता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

नवरा आसाराम म्हणजे अकलेचा कांदा. त्यानं मानवतच्या वेल्डरला गाठून गाडीच बदलली. रूळ तेच, पण एकामागं एक डब्बे होते ते काढले आणि गाडीला रुळाच्या दोन्ही अंगांनी लटकत्या खुर्च्या जोडल्या. म्हणजे पुढं शेजारी शेजारी दोन जागा.

"आता दोघं बी फुडं," तो खुशीत म्हणाला.

"त्यांच्या बुडासाठी तुमी गाडी कापली. बघा, ह्याच्यात बी काईतरी काढतेत."

काढलंच. जत्रेदिवशी दोघं फेटे बांधून आले, हलगी कडाडली, आणि बन्सीधरनं उजव्या खुर्चीवर हात ठेवला. "उजवी थोरल्याची."

"मंग आमी काय डावे हाव का?" योगीराजनंही त्याच खुर्चीला हात घातला.

लोक उन्हात तिष्ठत राहिले, लेकरं किरकिरायला लागली. शेवटी दोघांचं एका गोष्टीवर जमलं, निकाल लागेस्तोवर गाडीत कुणीच बसायचं नाही. जन्मात पहिल्यांदा भावकी एक झाली, तीही दुसऱ्याच्या पोटावर पाय द्यायला.

आसाराम हात जोडून उभा. ते बघून कमलबाईच्या मस्तकात तिडीक गेली. पदर खोचून ती दोघांच्या मधे शिरली.

"पाटील, गाडी तपासल्याबिगर सोडता येत न्हाई. रोज सकाळी पयला फेरा मी एकटी मारते, फुडंच बसून. पयल्या सालापासून. आज तर उजवीकडं बी बसले अन् डावीकडं बी. तुमी ज्याच्यासाठी भांडायलाव, ते माजं उष्टं हाय."

हलगी थांबली. बायांत कुणीतरी फिस्सकन हसलं. बन्सीधरनं तापल्या तव्यावरून काढावा तसा हात काढला. योगीराजनं आपला विजारीला पुसला. दोघं दोन वाटांनी निघून गेले.

"मैदान पाटलाचं हाय," आसाराम कुजबुजला. "फुडल्या साली काय?"

"फुडल्या सालचं फुडल्या साली. तिकिटं फाडा."

रांग सरकली. गेल्या साली उसाच्या फडात कमलबाईच्या शेजारच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, राहिलेली गोजरबाई सगळ्यांच्या आधी येऊन पुढच्या उजव्या खुर्चीत बसली.

"उष्टं चालतंय का?" कमलबाईनं विचारलं.

"आपुन काय पाटील हाव का," गोजरबाई म्हणाली, आणि कमलबाईनं गाडी सोडायचा दांडा ओढला.