ऑस्वेलच्या कपाटातलं पत्र

इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या पुस्तकांच्या दुकानात पाद्रीबाबांनी अँब्रोज थॉर्नलीला गाठलं. "लेखकमहाशय, तुमच्या त्या हट्टी घोड्याने हसून हसून मारलं हो! गुरुवारी ऑस्वेलसाहेबांनी जेवणानंतर तुमचं पत्र वाचून दाखवलं."

अँब्रोजने हातातलं पुस्तक तसंच खाली ठेवलं. गिल्बर्ट ऑस्वेल हा जवळच्याच क्लिफ्टन गावचा धनाढ्य जहाजमालक, त्याचा वीस वर्षांपासूनचा दोस्त. छापायला न देण्यासारखं सगळं अँब्रोज त्याला लिहायचा. त्याची दोन वर्षांची मुलगी मेबल तापाने गेली, त्यानंतर फेब्रुवारीत त्याने बायकोविषयी लिहिलं होतं : 'लेटीच्या खोलीत पाय टाकवत नाही. तिच्याकडे पाहिलं की मेबल दिसते. ती माहेरी गेली तर बरं, असं वाटतं.'

तो धावतच घरी आला. मोलकरीण म्हणाली, "बाईसाहेब क्लिफ्टनला गेल्या. ऑस्वेलसाहेबांनी चहाला बोलावलंय."

आगगाडीत त्याला बसवेना. प्रत्येक स्टेशनावर तो घड्याळ काढी. गिल्बर्टला टाळ्या मिळाल्या की भान राहत नसे.

दिवाणखान्यात दहा-बारा पाहुणे होते. खिडकीशी काळ्या पोशाखात लेटी. गिल्बर्टच्या हातात कागद.

"ये रे ये! तुझंच चाललंय!"

"कुठलं पत्र?" अँब्रोजने त्याला बाजूला ओढलं.

"घोड्याचं. ते दुसरं कपाटात आहे, कुलपात. मी काय गाढव आहे?"

अँब्रोज मटकन खुर्चीत बसला.

परतीच्या डब्यात दोघंच होते. लेटी हातमोजे काढत म्हणाली, "कपाटातलं मी वाचलंय. मिसेस ऑस्वेलनी महिन्यापूर्वीच दाखवलं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला कुठे लिहिलं होतंत ते? मित्राला चार पानं, आणि मला? 'मीठ दे', 'दार लाव'. मी रोज वाट बघत होते. आज विचारतील, उद्या विचारतील."

"लेटी, मला भीती वाटायची. तू रडशील म्हणून."

"मी रडतेच आहे. तुम्ही खोलीत येत नाही म्हणून तुम्हाला दिसत नाही."

मग शब्दांवर पोट भरणारा तो माणूस अडखळत मेबलच्या शेवटच्या सकाळीविषयी बोलू लागला. मधेच लेटीने एक चूक सुधारली. "निळा नव्हे, पिवळा झगा होता तिचा."

"हो," तो म्हणाला, "पिवळाच." आणि त्याला रडू फुटलं.