पातेल्यातली शालन

शालन गेल्याचं दवाखान्यातून कळलं, त्या दुपारी तिचा शेवटचा फोटो कॅमेऱ्यातून गळायला लागला. मी खाली पातेलं लावलं. करडा, चिकट रस होता. त्यात ती सगळी होती, हनुवटीवरच्या चामखिळीसकट. फक्त रंग नव्हता. कच्च्या कलेजीसारखा वास येत होता.

तिचे बाकीचे फोटो मी जेपेगमध्ये काढले होते. कार्डात जास्त मावतात म्हणून. त्यांत चामखीळ कुठेच उमटली नव्हती.

तेराव्याला हार घालायला फोटो हवा होता. पातेलं घेऊन मगदूमच्या स्टुडिओत गेलो. माझी बहीण बेबीताई बरोबर होती. मगदूमने झाकण उचललं आणि नाकाला रुमाल लावला.

"काका, ही रॉ फाइल. हिच्यात सगळं असतं, पण असं भिंतीला लावता येत नाही. जेपेग करतो. लहान होईल, वासही जाईल."

"लहान कसं होतं?"

"सारखं सारखं असतं ते टाकतो. एकेक ठेवतो."

"कर बाबा," बेबीताई म्हणाली. "आणि ती चामखीळ काढ. समोर माणसं जेवायला बसणार आहेत."

मगदूम डावाने ढवळू लागला. दोन्ही कान सारखे, एक मोरीत टाकला. तेहतीस वर्षांचे सकाळचे चहा सारखे निघाले. एक ठेवला, बाकीचे ओतले. त्याने डावात चामखीळ धरली, तेव्हा मी ती उचलून तोंडात टाकली.

"शी! काय रे हे दादा!" बेबीताई म्हणाली.

घरी आलो तर जिन्याला एकच पायरी होती. चारही भिंती पिवळ्या होत्या, त्यांतली एक उरली होती. ती वाकून माझ्या खुर्चीपर्यंत आली होती.

आज तेरावं. पाहुणे सगळे तेच बोलणार होते, म्हणून एकच आला. भिंत माझ्या खांद्यांना टेकली आहे. समोर फोटोत गुळगुळीत बाई आहे. हारात एक फूल आहे.

"वहिनी काय छान आलीय," बेबीताई म्हणाली.

"वाईट झालं," पाहुणा म्हणाला. "घास घ्या. तुम्ही घेतल्याशिवाय आम्ही कसं जेवायचं?"

पान वाढून झालं आहे. चामखीळ जिभेखाली आहे. मी ती अजून गिळलेली नाही, थुंकलेलीही नाही.