त्रिशलाबाईंच्या नाकाची परीक्षा

साधी सर्दी ती. आली तशी गेली, पण जाताना त्रिशलाबाईंच्या नाकातला वासच घेऊन गेली. दिवाळीपासून त्यांना ना फोडणी कळे, ना उदबत्ती. जेवण म्हणजे नुसतं खारट, तिखट, आंबट. त्यातच एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला, आणि या शेजारीच निवांत शेंगा सोलत बसलेल्या. तेव्हापासून सून ब्राह्मी त्यांना स्वयंपाकघरात एकटं सोडेना. लग्न होऊन सांगलीत आल्यापासून ज्या ओट्यावर त्यांचं राज्य, तिथं आता त्या पाहुण्या. ब्राह्मीचं काही चुकत नव्हतं, म्हणून तर जास्त झोंबायचं.

डॉक्टर म्हणाले, नाकाला रोज सराव द्या. ब्राह्मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची, तिला तर हुरूपच आला. तिनं चार वाट्या मांडल्या: वेलदोडा, बडीशेप, कॉफी, गुलाबपाणी. त्रिशलाबाई रोज सकाळी एकेक वाटी नाकाशी धरून बसायच्या. हळूहळू वेलदोडा येऊ लागला. कॉफी तर एके दिवशी अशी आली की त्या खुदकन हसल्याच.

"येतोय गं वास. आता माझा गॅस मला दे."

"देते की, आत्ती. एकदा डोळ्यांवर रुमाल बांधून बघू."

रुमाल बांधला आणि सगळं बिनसलं. कॉफीला त्या बडीशेप म्हणाल्या, वेलदोड्याला काहीच म्हणेनात. मग ब्राह्मी म्हणाली, "हे गुलाबपाणी घ्या."

त्यांनी लांब श्वास ओढला. "व्हय, आला. लय गोड हाय."

रुमाल सोडला तर वाटी कोरडी ठणठणीत. त्रिशलाबाईंचा चेहरा पडला.

"खोटं न्हाई गं बोलले मी. खरंच आला हुता."

"आलाच असणार. फक्त नाकातून नाही आला. मनाला गुलाब पाठ आहे. नाव घेतलं की ते वास हजर करतं. माझंही मन तसंच करतं, आत्ती."

हे ऐकून त्या खट्टू झाल्या खऱ्या, पण डोक्यात भुंगाही शिरला. दुपारभर त्या घर हुंगत फिरल्या. साबण, कपाटातल्या साड्या, देवघरातलं चंदन. वस्तू दिसली की वास यायचा आणि आला की लगेच संशय यायचा. नाक बोलतंय की मन, हे ओळखायचं कसं?

दिवस मावळायच्या आत जेवायची त्या जैन घराची रीत. त्रिशलाबाईंचे यजमान धन्यकुमार आपल्या बियाण्यांच्या दुकानातून आले, हातपाय धुऊन जेवायला बसले. त्रिशलाबाई भाकरी वाढायला वाकल्या आणि तशाच थांबल्या. नाकात काहीतरी उग्र शिरलं होतं.

"आवं, लसूण खाल्लासा व्हय?"

"छे, मी कशाला खातोय?" म्हणत धन्यकुमारांनी तोंड फिरवलं.

ब्राह्मी गॅसजवळून वळली. "आत्ती, तुम्हाला कुणी काही सांगितलं?"

"कुणी न्हाई."

धन्यकुमार ताटाकडे बघत पुटपुटले, "शेजारच्या भाऊसोच्या दुकानात बसलो हुतो. त्यानं भडंग फुडं केलं. लसणाचं हुतं."

"आजच?"

"रोजच. तुला वास येत न्हाई म्हटल्यावर... दिवाळीपासनं."

एरवी या गुन्ह्यावर घरात आठ दिवस अबोला चालला असता. त्रिशलाबाई मात्र भाकरी हातात धरून विचार करत उभ्या होत्या. या घरात लसणाचं नावसुद्धा कुणी घेत नाही. मग आपलं मन तो वास आणेल कशाला, आणि तोही पूजा केल्याशिवाय पाणी न पिणाऱ्या या माणसाच्या तोंडाला? हा वास बाहेरूनच आला होता. तो खरा होता.

ब्राह्मीच्याही ते ध्यानात आलं असावं. तिनं हातातली पळी ओट्यावर ठेवली आणि ती गॅसपासून बाजूला झाली.

धन्यकुमार तोंडावर हात दाबून बोलणी खायच्या तयारीत बसले होते. त्रिशलाबाईंचे डोळे भरून आले. त्या त्यांच्यासमोर खाली बसल्या.

"हात काढा."

"अगं, चुकलं माझं."

"काढा म्हणते न्हवं. आन् परत एकदा श्वास सोडा."

आणि जन्मभर ज्या वासापुढं नाकाला पदर लावला, तो त्यांनी छाती भरून घेतला.