लांबत गेलेलं कोठीघर

हेमाआत्याचं कोठीघर प्रत्येक लग्नात लांब होत असे. कार्यालय सांगलीचं असो की इस्लामपूरचं, नारळ, लाडू आणि आहेराच्या साड्या ठेवायच्या खोलीचं दार उघडलं की आत खोली तीच असायची, फक्त मागच्या वेळेपेक्षा मोठी. 'तुमच्याइतकं विश्वासू कोणी नाही' असं कुणी म्हणालं, की दार आणि आत्याची खुर्ची यांच्यामध्ये एक फरशी वाढायची. आवाज व्हायचा नाही.

आत्याच्या चेहऱ्यावर आणि हातांवर विसाव्या वर्षी कोड उठलं. त्याच वर्षी घरच्यांना तिच्या विश्वासूपणाचा शोध लागला आणि कोठीच्या किल्ल्या तिच्या कमरेला आल्या. तेव्हापासून घरातली सतरा लग्नं तिने ऐकली, पाहिलं एकही नाही. वाईट वाटायचं. पण रडत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि बुंदीचे लाडू हाताशी असताना ते जमायचंही नाही.

आज मात्र ऋजुताचं लग्न होतं. भावाची मुलगी, आत्याच्या मांडीवर वाढलेली. हे एक लग्न डोळ्यांनी बघायचंच, असं तिने ठरवलं होतं. नेमकं सकाळपासून कौतुक इतकं झालं होतं, की खोली चाळीस फरश्यांवर गेली होती.

गजाभाऊ आचारी तुपाचा डबा न्यायला आला, तो घामाघूम होऊन पोचला.

"किती लांब बसवलंय तुम्हाला, ताई."

"विश्वासाच्या माणसाला लांबच बसवतात."

"कसला विश्वास? पाव्हण्यांना तुमचं कोड दिसू नये म्हणून बसवलंय, दुसरं काय."

खोली खाडकन सहा फरश्यांनी आखडली. आत्याला चटका बसला आणि हसूही आलं, दोन्ही एकदमच. तीस वर्षांत हे वाक्य तिच्यासमोर कुणी उच्चारलं नव्हतं. गजाभाऊ गेल्यावर तिने तेच स्वतः म्हणून पाहिलं, दोनदा. काही झालं नाही. ते दुसऱ्यानेच म्हणायला हवं होतं.

मुहूर्ताच्या तोंडावर अंतरपाट सापडेना. तो आत्याच्या मांडीवर होता. तिने मुद्दामच कुणाला दिला नव्हता. ऋजुताची आई, शोभावहिनी, दारात आल्या.

"वन्सं, अंतरपाट द्या."

"आणते की," म्हणून आत्या निघाली.

"तुम्ही कशाला दगदग करता? पाठवते कुणालातरी."

एक फरशी वाढली.

"दगदग कसली, चालतेय ना."

"बाहेर गर्दी आहे हो, तुम्हाला त्रास होईल. तुम्ही कोठीत आहात म्हणून तर मी निर्धास्त आहे."

तीन वाढल्या. आत्या झपाझप चालत होती आणि होती तिथेच होती. वहिनी मनाच्या वाईट नव्हत्या. गोड बोलणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं, एवढंच.

"चार मिनिटं राहिली," बाहेरून गुरुजी म्हणाले.

तेवढ्यात ऋजुता आली. कपाळाला मुंडावळ्या, हातात हार.

"आई, आत्याला इथे का बसवलंय?"

"अगं, त्यांच्याइतकं..."

वाक्य अर्धंच झालं, म्हणून अर्धीच फरशी वाढली.

"खरं सांग. नाहीतर मी पाटावर उभी राहत नाही."

सनई थांबली. वहिनींनी लेकीकडे पाहिलं, मग लांबवर आत्याकडे. पुष्कळ वर्षांनी त्यांनी नणंदेचा चेहरा सरळ पाहिला. आत्याने अंतरपाट छातीशी घट्ट धरला. तिला ते ऐकायचं होतं, आणि ऐकायचं नव्हतंही.

वहिनींनी पदराने ओठ पुसले आणि तोंड उघडलं. एक शब्दही बाहेर पडायच्या आत कोठीतल्या सगळ्या फरश्या थरथरू लागल्या, लाडवांची परात वाजू लागली. कुठल्या बाजूला सरकणार ते कळेना. आत्याने पदर खोचला आणि एक पाऊल उचलून धरलं.