फाइलमधली दारू

फिटरच्या आयुष्यात दारू आली ती टेलिफोनवरून. चारचौघांच्या आयुष्यात ती येते बाटलीतून, मित्रांच्या नादाने, नाहीतर बापाचं बघून. याने घोटभरसुद्धा कधी घेतली नव्हती. नुसत्या वासाने त्याचं डोकं धरायचं. सासूबाईंनी मुलगी दिली ती नेमकी याच गुणावर. बाकीचे गुण बघत बसायला त्यांनी वेळ घालवला नाही. सासरे पिऊन पिऊन गेले होते, आणि जावयाकडून सासूबाईंची एवढी एकच अपेक्षा होती.

फिटर अणुवीज केंद्रात चौदा वर्षं व्हॉल्व्ह दुरुस्त करत होता. तिथे दारूची तपासणी म्हणजे रोजचंच. सकाळी संगणक नावं काढायचा. आपलं नाव निघालं की हातातला पाना खाली ठेवायचा आणि तपासणीच्या खोलीत जायचं. आधी यंत्रात फुंकायचं. कामगार त्याला फुंकणी म्हणत. मग बाटली घेऊन संडासात. तिथल्या टाकीतलं पाणी मुद्दाम निळं केलेलं, म्हणजे कोणी ते बाटलीत मिसळू नये. दाराबाहेर एक माणूस कान लावून उभा, जसा काही आत दरोड्याचा बेत शिजतोय. फिटर सत्तावीस वेळा जाऊन आला आणि सत्तावीस वेळा शून्य. त्याचा त्याला काही अभिमान नव्हता. न पिणाऱ्याने न पिण्याची फुशारकी कशाला मारायची?

सुट्टीच्या दिवशी कुठे गळती लागली, पंप बसला, की केंद्रातून घरी फोन यायचा. पलीकडचा कारकून समोरच्या कागदावरून वाचायचा, ‘गेल्या पाच तासांत मद्यपान केलं आहे का? हो किंवा नाही.’ ‘नाही’ म्हटलं की तासाभरात गेटवर हजर. ‘हो’ म्हटलं की फोन दुसऱ्याला, आणि प्रामाणिकपणे सांगितल्याबद्दल काही कारवाई नाही, असं नियमातच लिहिलेलं. नियम चांगला होता. प्यालेला माणूस अणुभट्टीच्या आसपास फिरकू नये, म्हणून कोणा शहाण्याने तो केला होता. फक्त घरी आजारी माणूस असू शकतं, हे त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी सासूबाईंना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. फिटरची बायको रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर बसायची आणि रविवारची पाळी तिला चुकायची नाही. इतर दिवशी मदतनीस बाई यायची. रविवारी तिची सुट्टी. तेव्हा रविवार जावयाचा. भरवायचं, कूस बदलायची, भांडं द्यायचं, केस विंचरायचे. पहिल्या रविवारी दोघंही लाजेने अर्धमेले झाले. चौथ्या-पाचव्या रविवारपर्यंत सरावले.

असाच एकदा तो त्यांना भरवत असताना फोन आला.

‘घरी आजारी माणूस आहे,’ फिटर म्हणाला. ‘एकटं टाकून येता येणार नाही.’

‘तो प्रश्न माझ्या कागदावर नाही,’ कारकून म्हणाला. ‘नकार लिहू का? तीन नकार झाले की नोटीस निघते, आधीच सांगतो.’

सासूबाईंच्या ओठातून घास ओघळून गळ्यापर्यंत आला होता. फिटरच्या एका हातात चमचा, दुसऱ्या हातात फोन.

‘मग हो लिहा. घेतलीय.’

‘किती?’

‘दोन पेग.’

‘बरं. आराम करा.’

आराम करा! इतक्या वर्षांत त्या केंद्रातून त्याच्याशी असं मायेने कोणी बोललं नव्हतं.

नऊ वर्षं हे चाललं. फोन आला की दोन पेग. बायकोला सगळं माहीत होतं. संध्याकाळी घरी आली की चपला काढता काढता विचारायची, ‘आज किती झाल्या हो?’ आणि दोघं हसायची. सासूबाई मात्र हसायच्या नाहीत. त्यांची वाचा गेली होती, कान शाबूत होते. फिटर त्यांना मोठ्याने सांगायचा, ‘आई, खोटं सांगतोय हो मी. प्यालो-बिलो नाही.’ त्या डाव्या हाताने पांघरूण तोंडावर ओढून घ्यायच्या. ‘प्यालो नाही’ हे वाक्य त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं.

त्याच्या जोडीला काम करणाऱ्या फिटरला सगळे बोका म्हणायचे. बोका रोज प्यायचा, पण घड्याळ लावून. किती वाजता ग्लास खाली ठेवला म्हणजे किती वाजता फुंकणी शून्य दाखवते, याचा त्याचा हिशेब डॉक्टरांपेक्षा पक्का होता. रविवारी फोन आला की तो हटकून ‘नाही’ म्हणायचा आणि धावत यायचा. साहेबांनी दोनदा सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली होती.

मग तपासणी कक्षात नव्या डॉक्टरीण बाई आल्या. नव्याचे नऊ दिवस म्हणून त्यांनी जुन्या फाइली काढल्या, आणि एका सोमवारी फिटरला समोर बसवलं.

‘नऊ वर्षांत बेचाळीस फोन. एकेचाळीस वेळा हो. सगळे रविवार, बरेचसे सकाळी दहाच्या आत. उठल्या उठल्या पिता?’

‘पीत नाही, डॉक्टर. जन्मात घेतलेली नाही.’ आणि त्याने सासूबाई, कारकून, तीन नकार, सगळं भडाभडा सांगून टाकलं. त्याला वाटलं, चला, सुटलो.

बाईंनी पेन खाली ठेवलं. ‘हे मी ऐकलं नाही असं समजा,’ त्या म्हणाल्या. ‘तुमची सत्तावीस शून्यं मलाही दिसतात. पण तुम्ही पीत नसाल, तर केंद्राशी एकेचाळीस वेळा खोटं बोललात. खोटं बोलणाऱ्याचा गेटपास कायमचा जातो. इथलाच नव्हे, कुठल्याही अणुकेंद्राचा. आणि पीत असाल तर तुम्ही आजारी आहात. आजारी माणसाला बारा आठवडे उपचार, तीन वर्षं देखरेख, आणि पास परत.’

‘पण खरं काय ते?’

‘त्याला माझ्याकडे रकाना नाही. शुक्रवारपर्यंत सांगा.’

बाई वाईट नव्हत्या, हीच तर पंचाईत. वाईट असत्या तर फिटरने चार शिव्या तरी हासडल्या असत्या.

घरी येऊन तो तणतणला. ‘मी खरंच सांगणार. तो बोका रोज ढोसतो आणि शाबासकी घेतो, आणि मी दारुडा म्हणून सही करू? गेला पास तर गेला!’

‘जाऊ दे की,’ बायको म्हणाली. ‘मग सोमवारपासून काय करणार? व्हॉल्व्ह सोडून तुम्हाला येतं काय? बाहेर कोणाच्या घरी हत्तीएवढे व्हॉल्व्ह असतात?’ तिने कपड्यांची घडी आपटली. ‘नऊ वर्षं फोनवर प्यालात. आता जरा कागदावर प्या.’

त्याला हसू आलं. तिलाही आलं. मग ती आतल्या खोलीकडे बघत हळूच म्हणाली, ‘आईला कळू देऊ नका.’

शुक्रवारी त्याने सही केली. आपण मद्यपी आहोत हे लिहून देताना त्याचा हात इतका थरथरला की बाजूच्या कारकुनाने समजुतीने मान डोलावली.

व्यसनमुक्ती केंद्रात रोज सकाळी अकरा खुर्च्या गोल मांडलेल्या असायच्या. पलीकडे कपाटावर एक बंद पडलेला पंखा. समुपदेशक स्वतः एकेकाळचा पिणारा, आवाज जाडाभरडा, नजर सुईसारखी.

‘बोला. किती?’

‘दोन पेग. रविवारी.’

गोलातले नऊच्या नऊ जण खो खो हसले. एक म्हातारा तर म्हणाला, ‘अरे, एवढी तर माझी सांडते.’

समुपदेशक हसला नाही. ‘कमी सांगणं, लपवणं, हेच या आजाराचं पहिलं लक्षण,’ तो म्हणाला. फिटर जितकं खरं बोलायचा तितका तो जास्त आजारी ठरायचा. चौथ्या आठवड्याच्या अहवालात शेरा आला: सहकार्य नाही. आणखी एक असा शेरा आला की उपचार फुकट आणि पासही गेला. सही करून अब्रू तर घालवलीच होती, आता नोकरीही जाणार.

मग त्याने सहकार्य करायचं ठरवलं. पण दारुड्याचं आयुष्य आणायचं कुठून? त्याच्या ओळखीचं एकच होतं. लग्नानंतरच्या वर्षांत बायकोने तुकड्या-तुकड्याने सांगितलेलं, तिच्या बापाचं. त्याने तेच उघडलं. शिवणाच्या यंत्राखाली बाटली ठेवायचो. पगाराच्या दिवशी घरी यायचोच नाही. एकदा जेवणाचं ताट भिंतीवर मारलं. हसणारा म्हातारा मान खाली घालून बसला. समुपदेशकाने पहिल्यांदाच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ‘आता खरं बोललास,’ तो म्हणाला.

फिटरला ते सोपं जायला लागलं, हे सांगायला लाज वाटते, पण गेलं. सातव्या आठवड्यात त्याने बायकोच्या शाळेच्या दप्तराची गोष्टही सांगितली. फक्त मुलीच्या जागी घरात राहणारी भाची घातली, कारण फॉर्मवर त्याला मूल नव्हतं. ‘बाटली तिच्या दप्तरात लपवली होती. तिथे कोण बघणार म्हणून. ती तशीच शाळेत घेऊन गेली.’

दहाव्या आठवड्यात घरच्या माणसांचा दिवस होता. बायको खिडकीवरून अर्धी सुट्टी घेऊन आली. रस्त्यात त्याने तिला बजावलं होतं, काही विचारलं तर फक्त हो म्हण. कोणाच्या गोष्टी सांगितल्या ते मात्र सांगितलं नव्हतं. धीर झाला नाही.

समुपदेशकाने वही उघडली आणि एकेक वाचलं. शिवणाचं यंत्र. पगाराचा दिवस. ताट. ‘हे खरं आहे?’

बायकोने फिटरकडे पाहिलं. ‘हो,’ ती म्हणाली.

‘आणि दप्तर?’

फिटर फरशीकडे बघत होता. तिचा ‘हो’ ऐकू येईना म्हणून त्याने मान वर केली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज स्वच्छ होता.

‘ते यांनी अर्धंच सांगितलंय,’ ती म्हणाली. ‘पोरगी आठ वर्षांची होती. बाईंनी सगळ्या वर्गासमोर दप्तर उलटं केलं. पुस्तकं भिजली होती. मग तुम्ही शाळेत आलात.’ ती आता फिटरशीच बोलत होती. ‘अंघोळ करून, चांगला शर्ट घालून आलात. आणि बाईंना म्हणालात, हिलाच लहानसहान चोऱ्या करायची खोड आहे. ती तुमच्याकडे बघत होती. वर्षभर वर्गात तिच्या शेजारी कोणी बसलं नाही.’

हे तिने फिटरला कधी सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नसावं.

‘माफी मागा,’ समुपदेशक हळूच म्हणाला.

फिटरला मी नाही तो, असं ओरडावंसं वाटलं. पण दोन आठवडे उरले होते आणि वही उघडी होती. ‘चुकलं माझं,’ तो म्हणाला. ‘माफ कर.’

तिने माफ केलं नाही. मान हलवली, नाही अशीच, आणि पदराने चेहरा पुसला. समुपदेशक म्हणाला, हरकत नाही, वेळ लागतो. वहीत त्याने प्रगती उत्तम असं लिहिलं.

बाहेर आल्यावर दोघं बसथांब्यावर उभे राहिले. ‘दुसरी कुठली गोष्ट माहीत नव्हती मला,’ फिटर म्हणाला. ‘असू दे,’ ती म्हणाली. बस आली तेव्हा ती खिडकीशी बसली आणि घर येईपर्यंत बाहेर बघत राहिली.

पास परत मिळाला. बोक्याने सगळ्यांदेखत मिठी मारली आणि कानात म्हणाला, ‘च्यायला, तू तर माझ्याही वरताण निघालास! मला कधी बोलावलं नाहीस रे?’ फिटरने त्याला ढकलून दिलं, तर लोक म्हणाले, चालायचंच, दारू सुटली की माणूस चिडका होतो.

परतल्यानंतरच्या दुसऱ्याच रविवारी फोन आला. कारकून तोच, कागद तोच. आता ‘हो’ म्हणायची सोय नव्हती. देखरेखीतल्या माणसाने एक थेंब कबूल केला तरी खेळ खलास, आणि यायला नकार दिला तरी संशय पिण्याचाच. फिटर म्हणाला, ‘नाही,’ आणि सासूबाईंच्या उशाशी पाण्याचा ग्लास ठेवून निघाला. शेजारीण बघते म्हणाली होती, पण ती विसरली. संध्याकाळी बायको आली तेव्हा सासूबाई खाटेखाली पडलेल्या होत्या, कितीतरी तास. महिन्याभरात त्यांना शुश्रूषागृहात ठेवलं. नेताना फिटर त्यांना उचलायला वाकला, तर त्यांनी डावा हात त्याच्या छातीवर टेकवून त्याला लांब सारलं. शेवटी दोन परिचारकांनी उचललं.

घर आता रिकामंच वाटायचं. एका गुरुवारी त्याला कामावरून यायला उशीर झाला. एका व्हॉल्व्हचा दांडा अडकला होता, दुसरं काही नाही. बायकोने दार उघडलं, डबा हातातून घेतला आणि जरा जवळ आली. त्याला वाटलं, कॉलरवर काही लागलंय ते झटकते आहे. इतक्या दिवसांनी ती अशी जवळ आली होती, म्हणून तो हलला नाही. तिने त्याच्या तोंडाशी नाक आणलं आणि वास घेतला.

‘अगं, मी पीत नाही,’ फिटर म्हणाला.

‘माहीत आहे मला,’ ती म्हणाली, आणि पुन्हा एकदा हुंगलं.